कातणारीचे तीन आणे

वर्ध्याहून पूर्वेस पांच मैलांवर सेवाग्राम आहे. तेथें जाणारा पाहुणा बहुधा बापू-कुटी पाहतो, आदि-निवास पाहतो, प्रार्थनेच्या मोकळ्या जागेंत घटकाभर बसतो आणि साधेपणाची एक आठवण बरोबर घेऊन परततो. परंतु त्या मातीच्या भिंतींच्या आंत आणि वर्ध्याच्या आसपास, साधेपणाहून पुष्कळच अवघड असा एक प्रश्न कित्येक वर्षें घोळला जात होता. मनुष्य दिवसभर राबला तर त्याच्या हातावर किती पडावें, आणि तें कोणीं ठरवावें, असा तो प्रश्न. प्रस्तुत भाषणाचा विषय तोच आहे.

या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरें मिळतात. पहिलें बाजाराचें. काम करूं इच्छिणारे हात पुष्कळ आणि काम थोडें असेल तर मजुरी उतरेल; हात थोडे आणि काम पुष्कळ असेल तर ती चढेल; यांत तिसऱ्यानें पडूं नये, असें तें उत्तर आहे. दुसरें उत्तर पोटाचें. दिवसभर काम करणाऱ्यास निदान दोन वेळचें अन्न, अंगभर वस्त्र आणि डोक्यावर छप्पर मिळालें पाहिजे. त्याहून कमी देणारा व्यवहार बाजाराला मान्य असला तरी न्यायाला मान्य नाहीं, असें हें दुसरें उत्तर म्हणतें. दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे. अडचण एवढीच कीं बाजाराला पोट दिसत नाहीं आणि पोटाला बाजार कळत नाहीं.

गिरणीच्या कारखान्यांत या दोहोंचा सामना उघड उघड होतो. अहमदाबादेचें १९१८ सालचें उदाहरण सर्वश्रुत आहे. प्लेगच्या दिवसांत मजूर गांव सोडून जाऊं नयेत म्हणून गिरणीमालकांनीं भारी बोनस चालू केला होता. सांथ ओसरल्यावर तो बंद करण्याचें त्यांनीं ठरविलें. महागाईच्या मानानें मजुरांनीं पन्नास टक्के वाढ मागितली. मालक वीस टक्क्यांवर अडले. गांधीजींनीं हिशेब पाहून पस्तीस टक्क्यांची मागणी योग्य ठरविली. टाळेबंदी झाली, संप झाला, उपवास झाला आणि शेवटीं आनंदशंकर ध्रुव यांच्या लवादानें पस्तीस टक्केच मान्य केले. मजुरांच्या बाजूनें अनसूयाबेन साराभाई उभ्या होत्या आणि मालकांच्या बाजूनें त्यांचेच बंधु अंबालाल साराभाई. असें असलें तरी तेथें दोन पक्ष होते, दोघांनाही एकमेकांची गरज होती आणि दोघेही एकमेकांची नाकेबंदी करूं शकत होते. मजूर कामावर न आले तर गिरणी थांबत होती.

परंतु खेड्यांतील सूत कातणाऱ्या बाईची गोष्ट याहून निराळी. तिनें संप केला तर कोणाचेंही चक्र थांबत नाहीं. थांबतो तो तिचा स्वतःचा चरखा. शेतीचें काम संपल्यावर उन्हाळ्याच्या दिवसांत तिला दुसरें कामच नसतें. म्हणून जें मिळेल तें ती घेते. विणकराचें तसें नव्हतें. हातसूत परवडलें नाहीं तर तो गिरणीचें सूत मागावर चढवी. त्यामुळें त्याला मजुरीची घासाघीस करतां येई. एका मागाला पुरेल इतकें सूत काढावयास आठ-दहा चरखे चालावे लागतात. म्हणजे खादीच्या प्रत्येक वारांत सर्वांत अधिक तास कातणारीचे आणि तासाला सर्वांत कमी मोबदलाही तिलाच. कौशल्याच्या न्यूनतेनें हें होत नव्हतें. तिच्यापुढें दुसरी वाट नव्हती म्हणून होत होतें.

अखिल भारत चरखा संघ १९२५ च्या सप्टेंबरांत पाटणा येथें स्थापन झाला आणि गांधीजी त्याचे अध्यक्ष झाले. पहिल्या दहा वर्षांत संघानें खेडोपाडीं चरखे चालू केले, सूत विकत घेतलें, विणविलें आणि शहरांतील भांडारांतून खादी विकली. रिकाम्या हातांना काम मिळालें हें खरें. परंतु मजुरी बाजाराच्या मानानेंच राहिली. आठ तास कातून आणा-दीड आणा, फार तर दोन आणे. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे हा जुना हिशेब ज्यांना आठवत असेल त्यांस तासाला एक पैसा म्हणजे काय हें सांगावयास नको. कांहीं नसण्यापेक्षां हें बरें, असा खादी-कार्यकर्त्यांचा युक्तिवाद असे आणि तो खोटाही नव्हता.

त्या युक्तिवादाला धक्का बसला तो एका प्रयोगानें. विनोबा त्या वेळीं वर्ध्यापासून जवळच नालवाडीस राहत असत. कातणाऱ्याच्या मजुरीचें समर्थन करावयाचें तर ती मजुरी आधीं आपण चाखून पाहावी, या विचारानें ते दिवसाचे आठ आणि अधिक तास कातूं लागले आणि संघाच्या दरानें जें होईल त्यावर निर्वाह करूं लागले. कातण्यांत त्यांचा हात तरबेज होता. पेळू चांगला, चरखा चांगला, आळस नाहीं, गप्पा नाहींत. तरी पुरा दिवस राबून मिळकत दोन-सव्वादोन आण्यांपलीकडे जाईना. साध्या पण पुरेशा निर्वाहाला याच्या कितीतरी पट रक्कम हवी होती. कुशल मनुष्याची, पूर्ण दिवसाची, निर्व्यसनी मेहनत जर पोट भरूं शकत नाहीं तर अकुशल, अर्धपोटी, घरकाम सांभाळून कातणाऱ्या बाईचें काय होत असेल, हा प्रश्न त्या प्रयोगानें उभा केला. गांधीजींना ही हकीकत कळली तेव्हां त्यांच्या मनांत आधींपासून सलत असलेली गोष्ट अधिकच सलूं लागली.

येथें एक विशेष लक्षांत घेतला पाहिजे. अहमदाबादेस गांधीजी मजुरांच्या बाजूनें मालकांशीं भांडले होते. वर्ध्यास मालक कोण होता? चरखा संघच. आणि संघाचे अध्यक्ष ते स्वतः. कातणाऱ्या बायांनीं मागणी केलेली नव्हती, संप पुकारला नव्हता, कोणा पुढाऱ्यानें त्यांची बाजू मांडली नव्हती. मालकानेंच आपण होऊन आपल्याविरुद्ध खटला चालवावा, असा हा प्रसंग होता. मजुरीच्या इतिहासांत असे प्रसंग फार थोडे सांपडतील.

१९३५ सालीं गांधीजींनीं सुचविलें कीं आठ तासांच्या चांगल्या कामाला आठ आणे, म्हणजे तासाला एक आणा, मिळावा. खादी-कार्यकर्ते हादरले. खादी आधींच गिरणीच्या कापडाहून महाग; कताईचा दर चौपट केला तर गिऱ्हाईक भांडारांत पाऊल टाकणार नाहीं; विक्री बुडाली कीं सूत कोण घेणार; आणि सूत घेणारा नसला तर आज दोन आणे मिळवणारी बाई उद्यां शून्यावर येईल. हे आक्षेप कांहीं निर्दय माणसांचे नव्हते. कातणाऱ्यांच्या दारोदार हिंडून कापूस वाटणाऱ्या आणि सूत गोळा करणाऱ्या माणसांचे ते होते. गांधीजींच्या उत्तराचा आशय असा कीं जी संस्था गरिबांची विश्वस्त म्हणवून घेते तिनें गिऱ्हाइकाची स्वस्ताई कातणारीच्या भुकेंतून काढूं नये. खपाचा आंकडा घटला तरी चालेल, परंतु अन्याय चालणार नाहीं.

त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत वर्ध्यास संघाच्या कार्यकारी मंडळानें ठराव केला. ठरावांत आण्यांचा आंकडा नव्हता. गरजेचें माप होतें. आठ तासांच्या कार्यक्षम कामाला निदान इतकी मजुरी मिळावी कीं तींतून वर्षाला वीस वार कापड आणि शास्त्रीय प्रमाणानें ठरविलेलें किमान अन्न भागावें. आणि पुढें परिस्थितीप्रमाणें ती वाढत जाऊन, घरांतील कमावत्या माणसांच्या मिळकतींत सारें कुटुंब नीट पोसलें जावें. प्रत्यक्ष दर प्रांतोप्रांतींच्या धान्याच्या भावांवरून बसले. आरंभास ते तीन आण्यांच्या आसपास राहिले. गांधीजींचे आठ आणे कोठें आणि हे तीन आणे कोठें! तथापि दोन आण्यांवरून तीन आण्यांवर जाणें म्हणजे दीडपट वाढ. कोणत्याही गिरणीमालकानें आपण होऊन एका ठरावानें एवढी वाढ दिल्याचें ऐकिवांत नाहीं.

आतां हा दर प्रत्यक्षांत कसा लागू होई तें पाहूं. कारण मजुरीच्या धोरणाचा खरा अर्थ ठरावापेक्षां हिशेबाच्या वहींत सांपडतो. कातणाऱ्या बाईला तासावर पैसे देतां येत नाहींत; ती आपल्या घरीं कातते, मध्येंच चूल पाहते, मूल निजवते. म्हणून सूत गुंडीवर घेतलें जाई. गुंडी म्हणजे चार फुटांच्या ६४० तारांचा वेढा. समजा, चांगली कातणारी बाई तासाला अर्धी गुंडी काढते. आठ तासांत चार गुंड्या होतील. तीन आणे म्हणजे बारा पैसे. तेव्हां गुंडीला तीन पैसे दर बसला. पूर्वींच्या दोन आण्यांच्या हिशेबानें तो दोन पैसे होता. हा नमुन्याचा हिशेब आहे. सुताच्या बारीकपणाप्रमाणें, समानतेप्रमाणें आणि मजबुतीप्रमाणें त्यांत फरक पडे. परंतु त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जी बाई दिवसांत चार गुंड्या काढील तिला तीन आणे पडतील. जिचा हात मंद आहे, डोळे अधू आहेत, चरखा जुनापुराणा आहे, ती दोन गुंड्या काढील आणि तिला दीडच आणा मिळेल. पूर्वीं एक आणा मिळे, आतां दीड. वाढ झाली खरी, परंतु ‘पोटापुरती मजुरी’ हे शब्द तिच्यापर्यंत पोहोंचले नाहींत. ‘कार्यक्षम काम’ हा ठरावांतील लहानसा शब्दप्रयोग, पण सारी मेख त्याच्यांत होती.

या दरवाढीचे परिणाम कोणते झाले? ते एकाच बाजूचे नव्हते.

पहिला परिणाम गिऱ्हाइकावर. समजा, एका वार खादीच्या किंमतींत कताईचे दोन आणे पडत होते. ते तीन झाले. विणकर, धोबी, वाहतूक, भांडार यांचा खर्च तोच राहिला तरी वारामागें एक आणा चढला. मुंबई-पुण्याच्या कारकुनाला धोतरजोडी घेतांना ही चढ जाणवणारच. ज्यानें खादी देशकार्य म्हणून घेतली त्यानें ती सोसली. ज्यानें फॅशन म्हणून घेतली त्यानें दुसरें दुकान शोधलें.

तें दुसरें दुकान हाच दुसरा परिणाम. संघानें ठरविलेली मजुरी देणाऱ्यासच प्रमाणपत्र मिळे. परंतु हातानें कातून हातानें विणलेलें कापड बिनप्रमाणपत्राचेंही असूं शकतें. जुन्याच दरानें सूत घेणारे व्यापारी पुढें सरसावले आणि ‘अप्रमाणित खादी’ बाजारांत स्वस्तांत मिळूं लागली. दिसावयास दोन्ही कापडें सारखींच. म्हणजे ज्यानें न्याय केला त्याचा माल महाग आणि ज्यानें केला नाहीं त्याचा स्वस्त. मजुरीचा दर एकानें वाढवावा आणि शेजाऱ्यानें वाढवूं नये, या स्थितींत सज्जन मालकाला दंड भरावा लागतो. पुष्कळ मालक वाढीला विरोध करतात तो नेहमींच लोभानें नव्हे. आपण एकटे पडूं या भीतीनेंही करतात.

तिसरा परिणाम कातणारीच्या कामावर. सुताला भाव अधिक द्यावयाचा तर सूतही चांगलें हवें. कच्चें, गांठीचें, जाडेंभरडें सूत घेऊन संघाचें चालणार नव्हतें. म्हणून पिंजण सुधारण्याकडे, चांगले पेळू पुरविण्याकडे, चरखा दुरुस्त करण्याकडे, कातण्याची गति वाढविण्याकडे लक्ष गेलें. दर दोन पैसे असतांना बाईचा तास वायां गेला तर कोणाचें फारसें बिघडत नव्हतें. दर तीन पैसे होतांच तिच्या तासाला किंमत आली. मजुरी वाढली कीं मालकाला मजुराचें कौशल्य वाढविण्याची गरज भासते, हें अर्थशास्त्रांतील जुनें निरीक्षण येथें खेड्याच्या अंगणांत खरें ठरलें.

आणि चौथा परिणाम, जो हिशेबाच्या वहींत सहसा दिसत नाहीं. ज्या म्हातारीचें सूत तुटकें निघतें, तिनें कोठें जावें? स्वस्त मजुरीच्या काळांत तिचें वाईट सूतही कसेंबसें खपून जाई. चांगल्या मजुरीच्या काळांत कसोटी लागली आणि कसोटीला न उतरणारे हात मागें राहण्याचा धोका निर्माण झाला. ज्यांच्यासाठीं मजुरी वाढवावयाची त्यांतील सर्वांत दुबळ्यालाच तिची झळ लागण्याचा संभव असतो. हा दोष वाढीचा नव्हे. वाढीबरोबर जी दुसरी व्यवस्था करावयास हवी ती न करण्याचा आहे.

१९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी वर्धा सोडून शेगांवीं राहावयास गेले. त्याच शेगांवाचें नांव १९४० सालीं सेवाग्राम झालें. पुढें दुसऱ्या महायुद्धांत धान्याचे भाव चढत गेले आणि पूर्वीं बसविलेल्या आण्यांना पूर्वीचा अर्थ उरला नाहीं. मजुरीचा आंकडा स्थिर आणि ज्वारीचा भाव चढता, अशा अवस्थेंत कायम केलेली मजुरी ही रोज थोडी थोडी कापली जाणारी मजुरी असते. १९४४ सालीं सेवाग्रामास चरखा संघाच्या मंडळींसमोर गांधीजींनीं आपल्याच कार्याची परखड तपासणी केली. विक्रीच्या खादीनें गरिबांच्या हातीं थोडे पैसे पडले, परंतु तिनें खेडें आपल्या पायांवर उभें केलें नाहीं, असें त्यांचें निदान होतें. तेव्हांपासून संघानें शहरच्या विक्रीऐवजीं स्वतःच्या वस्त्रासाठीं कातण्यावर भर दिला. खादी घेणाऱ्यानें किंमतीचा कांहीं भाग आपण कातलेल्या सुताच्या रूपानें द्यावा, असाही नियम आला. वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू यांनीं या अवघड वळणाचा मोठा भार वाहिला. या नव्या मार्गाचें मूल्यमापन कोणी कसेंही करो; तीन आण्यांच्या प्रयोगानें तासाची किंमत वाढविली, परंतु दुसऱ्याच्या खरेदीवर जगणाऱ्या मजुरीचें अस्थैर्य त्यानें नाहींसें झालें नव्हतें, एवढें त्यावरून खास दिसतें.

ही समस्या एकट्या हिंदुस्थानची नव्हती. इंग्लंडांत क्रॅडली हीथ या गांवीं बायका आपल्या घरामागील भट्टींत लोखंडी सांखळ्या घडवीत. त्यांचीही स्थिति आपल्या कातणारीसारखीच : काम घरीं, मालक विखुरलेले, मजुरी अत्यल्प. १९०९ च्या कायद्यानें नेमलेल्या मंडळानें त्यांच्यासाठीं तासाला अडीच पेन्स हा किमान दर ठरविला. मालकांनीं टाळाटाळ केली; १९१० सालीं मेरी मॅकार्थर यांच्या पुढाकारानें बायका दहा आठवडे लढल्या आणि जिंकल्या. त्यांच्या आणि आपल्या गोष्टींत एक मोठा भेद आहे. तेथील दर कायद्यानें त्या धंद्यांतील सर्व मालकांना लागू झाला. म्हणून कमी दर देणाऱ्या शेजाऱ्याची भीति उरली नाहीं. ऑस्ट्रेलियांत १९०७ सालीं न्यायमूर्ति हिगिन्स यांनीं शेतीचीं यंत्रें बनविणाऱ्या एका कारखान्याच्या प्रकरणांत मजुरीचें माप धंद्याच्या नफ्यावरून न घेतां सुधारलेल्या समाजांत राहणाऱ्या मजुराच्या कुटुंबाच्या गरजेवरून घेतलें आणि दिवसाला सात शिलिंग ही रक्कम ठरविली. वर्ध्याच्या ठरावाचें तें दूरचें भावंडच म्हणावें लागेल.

स्वातंत्र्यानंतर हिंदुस्थानांत १९४८ सालीं किमान वेतनाचा कायदा झाला. ज्या धंद्यांत मजूर असंघटित आहेत त्यांची यादी करून सरकारनें दर ठरवावे, त्या यादींत शेतमजुरी असावी, आणि पांच वर्षांच्या आंत दरांची फेरतपासणी व्हावी, अशी त्यांत योजना होती. १९५७ सालीं मालक, मजूर व सरकार यांच्या त्रिपक्षीय कामगार परिषदेनें गरजेवर आधारलेल्या वेतनाचें माप घालून दिलें : एका कमावत्यामागें तीन माणसांइतका आहार, डॉक्टर आयक्रॉइड यांच्या प्रमाणानें मोजलेलें अन्न, आणि चौघांच्या कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड. माणशीं अठरा वार. वर्ध्याचे वीस वार ज्यांस आठवतात त्यांना हें माप अनोळखी वाटणार नाहीं. पुढें १९४८ चा कायदा २०१९ च्या वेतन-संहितेंत विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली. तींत सर्व धंद्यांच्या मजुरांस किमान वेतनाचा हक्क दिला असून केंद्रानें ठरविलेल्या पायाभूत दराखालीं कोणत्याही राज्यानें जाऊं नये, असें तत्त्व घातलें आहे. ज्या एका गोष्टीअभावीं तीन आण्यांची कोंडी झाली, ती म्हणजे सर्वांना सारखी लागू होणारी मर्यादा. निदान कागदावर ती आज आली आहे.

परंतु चौथ्या परिणामाचें, त्या तुटक्या सुताच्या म्हातारीचें, काय? याचें उत्तर शोधण्याचा यत्न महाराष्ट्रानेंच केला. १९७२ च्या दुष्काळांत वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून रोजगार हमी योजना मोठ्या प्रमाणावर चालू झाली आणि १९७७ सालीं तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हें तिचें सूत्र. त्या कामांसाठीं १९७५ पासून व्यवसाय-कर बसला. म्हणजे शहरांतील पगारदारानें खेड्यांतील खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीचा वांटा उचलावा, अशी ती रचना होती. १९८८ सालीं किमान वेतनाबरोबर या कामांचे दर दुपटीनें वाढले. पुढें अर्थशास्त्रज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दाखविलें कीं दर वाढल्यानंतर मागणी असूनही कामें मोजून-मापून दिलीं जाऊं लागलीं. हमी होती तरी सर्वांना ती मिळेना. १९३५ सालीं खादी-कार्यकर्त्यांनीं जी भीति बोलून दाखविली होती तीच येथें निराळ्या रूपानें खरी ठरली. मजुरी वाढवितांना पैशाची तरतूद त्याच प्रमाणांत वाढविली नाहीं तर वाढ कांहींच्या वांट्यास जाते आणि बाकीचे रांगेंत उभे राहतात.

मात्र यावरून मजुरी वाढविली कीं काम घटतेंच, असा सिद्धान्त काढणें चुकीचें होईल. अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यानें १९९२ सालीं किमान मजुरी तासाला सव्वाचार डॉलरांवरून पांच डॉलर पांच सेंटांवर नेली. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनीं तेथील उपाहारगृहांची तुलना शेजारच्या पेन्सिल्व्हानियांतील उपाहारगृहांशीं केली आणि नोकऱ्या घटल्याचें त्यांस आढळलें नाहीं. त्यावर पुष्कळ वाद झाला. अजूनही संपलेला नाहीं. पण त्याचें एक स्पष्टीकरण आपल्या कातणारीला चांगलेंच लागू पडतें. मजुरापुढें दुसरी वाट नसली म्हणजे मजुरी त्याच्या कामाच्या खऱ्या किंमतीहून खालीं दबलेली असते. अशा ठिकाणीं ती थोडी वर उचलली तर मालक बुडत नाहीं, केवळ पूर्वींचा गैरफायदा कमी होतो. ती किती उचलतां येईल, हें मात्र प्रत्येक धंद्याचा हिशेब पाहूनच सांगतां येतें. आठ आणे योग्य होते. तीन आणे शक्य होते. योग्य आणि शक्य यांच्यांतील हें अंतर नाकारणारा मनुष्य मजुराचें भलें करीत नाहीं, आणि त्या अंतराला कायमचें मानणाराही करीत नाहीं. वर्ध्याच्या ठरावांत दोन्ही गोष्टी होत्या : आजचा किमान दर आणि उद्यांच्या वाढीचें बंधन.

हें सर्व ऐकून शहरांतील सुशिक्षित कुटुंबाला वाटेल कीं हा सरकारचा आणि कारखानदारांचा विषय. त्यांत आपला संबंध काय? पण असा संबंध प्रत्येक घरांत सकाळीं दार वाजवून येतो. भांडीं घासणारी, धुणें धुणारी, पोळ्या करणारी बाई हीही कातणारीप्रमाणेंच एकटी, विखुरलेली आणि घासाघीस करूं न शकणारी असते. महाराष्ट्रानें २००८ सालीं घरेलू कामगारांच्या कल्याणाचें मंडळ कायद्यानें स्थापिलें. परंतु बहुतेक घरीं तिच्या महिन्याचा आंकडा अजून शेजारणीला विचारूनच ठरतो. ‘चार नंबरच्या बिऱ्हाडांत काय देतात?’ हाच त्या घराचा वेतन-आयोग! त्या आंकड्यांतून तिचें किती दिवसांचें धान्य येतें, मुलाची फी भागते कीं नाहीं, आजारीपणाचा खाडा कापला तर काय उरतें, हा हिशेब क्वचितच मांडला जातो. नालवाडीस तो मांडला गेला, म्हणूनच तीन आणे झाले.

येथेंही त्या प्रयोगाचे धडे उपयोगीं पडतील. एका बिऱ्हाडानें दर वाढविला आणि बाकीच्यांनीं नाहीं, तर कुरकुर होईल. परंतु चाळींतील वा सोसायटींतील सर्वांनीं मिळून तासाचा एक दर ठरविला तर कोणीच एकटें पडणार नाहीं. दर एकदां ठरला म्हणून तो दहा वर्षें तसाच ठेवतां येणार नाहीं. ज्वारी-तांदुळाचा भाव चढेल तसा तोही चढला पाहिजे. आणि वाढ देऊन, तेवढ्याच सबबीवर म्हातारी बाई काढून तरणी ठेवावयाची असेल, तर ती वाढ न्यायाची नव्हे, निवडीची झाली.

मजुरीचें धोरण म्हटलें कीं मंत्रालय, न्यायालय आणि कारखाना डोळ्यांपुढें येतो. पण त्याचा उगम एका साध्या प्रश्नांत आहे : जें आपण दुसऱ्याला देतों त्यावर आपणांस एक महिना काढतां येईल काय? विनोबांनीं तो प्रश्न चरख्यापाशीं बसून सोडविला. संघानें आपलेंच नुकसान सोसून त्याचें अर्धेंमुर्धें उत्तर दिलें. उरलेलें अर्धें उत्तर ज्यांच्या हातीं देण्याची वही आहे त्या सर्वांकडे आहे, आणि अशी एक लहानशी वही बहुतेक प्रत्येक स्वयंपाकघरांत खुंटीला अडकविलेली असते.